पिस्टल पीट मॅराविच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीट मॅराविच शेवटचा व्यावसायिक बास्केटबॉल सामना खेळला तो १९८० साली. आज स्वतःला त्याचे चाहते म्हणवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी, माझ्यासकट, त्याला प्रत्यक्ष कधीच पाहिलेलं नाही. हाताशी उरलंय ते पुसट, थरथरणारं चित्रीकरण आणि गुणपत्रकं. तेवढ्यावरही हा माणूस मनात घर करतो, आणि ज्यांची त्याच्याशी नुकतीच ओळख झालेली असते ते फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

मॅराविच नेमका कोण?

अमेरिकेचा बास्केटबॉलपटू. जागा गार्डची, म्हणजे रिंगपासून दूर राहून चेंडू खेळवणाऱ्याची; उंची सहा फूट पाच इंच. जन्म २२ जून १९४७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या पोलाद कारखान्यांच्या गावातला. घराणं सर्बियन वंशाचं. वडील प्रेस मॅराविच स्वतः खेळाडू होते, पुढे प्रशिक्षक झाले. पीट कॉलेजात लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून, म्हणजे एलएसयूकडून खेळला. मग एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, अटलांटा हॉक्स, न्यू ऑर्लिन्स जॅझ आणि अखेरीस काही महिने बोस्टन सेल्टिक्स. एकूण दहा हंगाम, ६५८ सामने, सामन्यामागे २४.२ गुण. पाच वेळा ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात. १९८७ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, गेला आणि पुढच्याच जानेवारीत, अवघ्या ४० व्या वर्षी, हे जग सोडून गेला.

‘पिस्टल’ हे नाव कसं पडलं?

शाळकरी वयात चेंडू जड आणि दंड बारीक. डोक्यावरून फेकायची ताकद नव्हती म्हणून तो कमरेपासून, एका बाजूने चेंडू उचलून रिंगकडे सोडायचा. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडावी तशी ती हालचाल दिसे. नाव चिकटलं ते कायमचं. पुढे एनबीएत त्याच्या जर्सीच्या पाठीवर आडनावाऐवजी ‘पिस्टल’ असंच लिहिलेलं असायचं.

हाताला एवढी सफाई आली कुठून? उपजतच होती का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण मॅराविचबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज इथेच आहे. पाठीमागून दिलेला पास, पायांतून काढलेला चेंडू, नजर एकीकडे आणि चेंडू भलतीकडे, हे सगळं पाहून लोक म्हणतात, ‘मनस्वी होता, सुचेल ते करायचा.’ खरं तर सामन्यात सुचेल तसं त्याने फार थोडं केलं. जे केलं ते आधी हजारो वेळा करून झालेलं होतं.

प्रेस मॅराविच यांनी मुलासाठी चेंडू हाताळण्याचे अनेक सराव स्वतः रचले. प्रत्येकाला नाव होतं. ‘प्रेट्झेल’ घ्या. पाय फाकवून वाकून उभं राहायचं, चेंडू दोन गुडघ्यांच्या मधोमध, एक हात पुढून धरलेला, दुसरा मागून. आता चेंडू जमिनीला लागू न देता हातांची अदलाबदल करायची, पुढचा मागे, मागचा पुढे. घरी करून बघा. पहिल्यांदा चेंडू पायावर पडतो, दहाव्यांदाही पायावरच पडतो. पीट हे इतक्या वेगाने करायचा की चेंडू हवेत टांगून ठेवल्यासारखा दिसे. ‘रिकोशे’त चेंडू समोरून पायांमधून जमिनीवर आपटायचा आणि तो मागे उसळला की पाठीमागे हात नेऊन झेलायचा. न बघता.

सराव घरापुरता नव्हता. सायकल चालवताना ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं. डोळ्यांवर पट्टी बांधून ड्रिबल. चित्रपटगृहात कडेची खुर्ची धरायची आणि चित्रपट चालू असताना बाजूच्या वाटेत चेंडू आपटत राहायचा. वडील गाडी चालवत असताना हा खिडकीतून बाहेर झुकून रस्त्यावर ड्रिबल करायचा आणि वडील वेग कमीजास्त करायचे, म्हणजे वेगाप्रमाणे हाताची लय बदलता यावी. रात्री चेंडू अंथरुणात. पाच डॉलरच्या पैजेवर तासभर चेंडू बोटांवर फिरवत ठेवल्याची गोष्ट तर त्याने स्वतःच सांगितलेली आहे. एका बोटाचं कातडं सोलवटलं की दुसरं बोट.

म्हणून कोणी ‘दिखाऊ खेळाडू’ म्हटलं की मला वाईट वाटतं. रियाज न केलेला गवई ताना मारतो तेव्हा तो दिखावा असतो. मॅराविचच्या हाताखाली चेंडू कुठे असेल हे त्याला बघावं लागत नव्हतं, त्यामुळे त्याचे डोळे मोकळे असत, आणि डोळे मोकळे असल्यामुळेच त्याला ते पास दिसत जे इतरांना दिसत नव्हते. चमक वरून चढवलेली नव्हती. ती मेहनत घासून घासून आतून आलेली होती.

कॉलेजात तीन वर्षांत ३,६६७ गुण, हे खरं आहे?

अगदी खरं. त्या काळी एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे पीटचं पहिलं वर्ष नवागतांच्या संघात गेलं आणि ते गुण हिशेबात धरलेच जात नाहीत. (त्या वर्षी लोक नवागतांचा सामना बघायला यायचे आणि मुख्य संघाचा सामना सुरू व्हायच्या आत उठून घरी जायचे.)

मग तीन हंगाम. १९६७-६८ मध्ये २६ सामन्यांत १,१३८ गुण, सरासरी ४३.८. पुढच्या वर्षी पुन्हा २६ सामने, १,१४८ गुण, सरासरी ४४.२. शेवटच्या, १९६९-७० च्या हंगामात ३१ सामने, १,३८१ गुण, सरासरी ४४.५. एकूण ८३ सामने आणि सरासरी ४४.२. त्यांतल्या २८ सामन्यांत त्याने ५० किंवा त्याहून जास्त गुण केले. ७ फेब्रुवारी १९७० ला अलाबामाविरुद्ध ६९.

ऑस्कर रॉबर्टसनचा २,९७३ कॉलेज गुणांचा विक्रम त्याने ३१ जानेवारी १९७० ला मागे टाकला, तोही घरच्या मैदानावर, बॅटन रूजमध्ये, ओल मिस म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध. ते मैदान म्हणजे कृषी प्रदर्शनांसाठी बांधलेली इमारत होती. लोक तिला ‘काऊ पॅलेस’ म्हणत. जनावरांच्या प्रदर्शनाच्या जागी बास्केटबॉलला गर्दी खेचून आणली ती या पोराने.

तेव्हा तीन गुणांची रेषा असती तर?

नव्हती. या रेषेबाहेरून, लांबून टाकलेला चेंडू रिंगमध्ये गेला की दोनाऐवजी तीन गुण मिळतात. कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती देशभर १९८६-८७ च्या हंगामात आली, म्हणजे पीट बाहेर पडल्यावर सोळा वर्षांनी. ठरावीक वेळेत फटका घ्यायचं, म्हणजे चेंडू रिंगकडे टाकायचं, बंधनही तेव्हा नव्हतं, त्यामुळे समोरचा संघ चेंडू मिनिटामिनिटाने दाबून धरू शकत होता. एलएसयूचे पुढचे प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी जुन्या नोंदी धुंडाळून सरासरी ५७ पर्यंत गेली असती असा हिशेब मांडला होता. मी त्या आकड्यावर पैज लावणार नाही. रेषा असती तर बचावही वेगळा झाला असता, खेळही.

पण एक आकडा खराखुरा आहे. एनबीएने तीन गुणांची रेषा आणली ती १९७९-८० मध्ये, मॅराविचच्या शेवटच्या हंगामात. गुडघा गेलेला, अर्धा वेळ बाकावर. त्या हंगामात त्याने रेषेबाहेरून १५ फटके घेतले आणि १० रिंगमध्ये घातले.

फटके फार घ्यायचा. म्हणजे स्वार्थीच ना?

फार घ्यायचा, हे मान्य. ८३ सामन्यांत ३,१६६ फटके, म्हणजे सामन्याला ३८ च्या आसपास. त्यांतले १,३८७ आत गेले, शंभरात ४४ ही नाहीत. त्याचे सामने मी आकड्यांतून वाचले तेव्हा मलाही पहिल्यांदा हेच खटकलं होतं.

पण तो संघ कुठे उभा होता ते पाहा. प्रेस यांच्या पहिल्या वर्षी, पीट नवागतांत असताना, एलएसयूच्या मुख्य संघाने २६ पैकी ३ सामने जिंकले होते. फुटबॉलवेडं विद्यापीठ, बास्केटबॉलला कोणी विचारत नव्हतं. पीटला खरं तर वेस्ट व्हर्जिनियाला जायचं होतं. वडिलांनी एलएसयूची नोकरी धरली आणि मुलगा आपल्याच संघात पाहिजे असा हट्ट धरला. मग मुलासाठी त्यांनी खेळाची सगळी दारं सताड उघडी टाकली. फटके घे, हे त्याला प्रशिक्षकानेच सांगितलेलं होतं, आणि प्रशिक्षक बाप होता. तीन वर्षांत संघ १४-१२ (आधी विजय, मग पराभव), १३-१३ आणि अखेर २२-१० वर आला आणि न्यूयॉर्कच्या एनआयटी स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. एनसीएएची मुख्य स्पर्धा मात्र पीटच्या नशिबी आली नाही.

केंटकीविरुद्ध तर तीन वर्षांत एकदाही विजय नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांच्याविरुद्ध त्याने ६४ गुण केले, समोर डॅन इसेलने ५१ केले, आणि केंटकी १२१-१०५ ने जिंकलं. एकट्याने काय होतं आणि काय होत नाही, दोन्ही त्या गुणपत्रकात आहे. स्वार्थी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बापाने आखून दिलेल्या वाटेवर पोरगा मान खाली घालून धावत होता. दोघांचं एकमेकांवर विलक्षण प्रेम होतं आणि त्या प्रेमाचं ओझंही तेवढंच होतं.

एकच क्षण निवडायचा तर कोणता?

माझ्यापुरतं उत्तर : ८ मार्च १९६९, जॉर्जियातलं अथेन्स. हंगामाचा शेवटचा सामना, परक्या मैदानावर. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ झाला, तोही बरोबरीत, दुसरा जादा वेळ सुरू. एलएसयूने आता आघाडी घेतली आणि उरलेली वेळ काढायची होती. पीटने चेंडू हातात घेतला. पाठीमागून, पायांतून, डावीकडे, उजवीकडे. जॉर्जियाचे खेळाडू त्याच्यामागे धावतायत आणि चेंडू काही त्यांच्या हाताला लागत नाही. घड्याळ संपत आलं तसा तो कोर्टाच्या मध्याकडे सरकला आणि शेवटच्या क्षणी जवळजवळ तिथूनच एक हुक शॉट डोक्यावरून भिरकावून दिला. चेंडू हवेत असताना भोंगा वाजला. चेंडू रिंगमध्ये.

एलएसयू ९०-८०, पीटचे ५८. आणि टाळ्या वाजवत होते ते जॉर्जियाचे प्रेक्षक! आपला संघ हरलाय हे विसरून लोक मैदानात उतरले. खेळाडूने समोरच्या संघाचे चाहतेसुद्धा आपलेसे करावेत, याहून मोठी पावती मला माहीत नाही.

त्याच्या पासमध्ये एवढं काय होतं?

एकच पास संथ करून सांगतो. अभ्यासकांच्या तोंडी त्याचं नाव ‘रिस्ट पास’, म्हणजे मनगटाचा पास.

पीट मधून धावत येतोय. उजवीकडे एक साथीदार, डावीकडे दुसरा, समोर एकटा बचावपटू उलट्या पावलांनी मागे सरकतोय. पीट चेंडू आपटतो. चेंडू छातीच्या उंचीपर्यंत वर येतो. आता त्याचा उजवा तळवा चेंडूवरून उजवीकडे झपाट्याने सरकतो. खांदा उजवीकडे, मान उजवीकडे. बचावपटूचं वजन त्या बाजूच्या पायावर गेलंच. पण तळव्याने चेंडूला स्पर्शच केलेला नसतो. तो वरून नुसताच गेला. चेंडू अजून तिथेच, हवेत. तोच हात तसाच परत येताना हाताच्या मागच्या बाजूने चेंडूला चापट बसते आणि चेंडू डावीकडच्या साथीदाराच्या ओंजळीत. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं आटोपलेलं.

हे फक्त दिसायला सुंदर नाही, उपयोगाचंही आहे. बचावपटूला चकवायचं तर त्याला खोटं खरं वाटायला हवं, आणि चेंडू न धरता चकवा दिला तर तो परत फिरवायला वेळच लागत नाही. अडचण साथीदारांची व्हायची. पास येईल अशी अपेक्षा नसताना चेंडू छातीवर किंवा तोंडावर आदळायचा. त्याच्यासोबत खेळायचं तर हात सतत वर ठेवायला शिकावं लागे.

अटलांटात त्याचं का जमलं नाही?

एनबीएचे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्या १९७० च्या निवडीत तो तिसरा गेला. बॉब लॅनिअर पहिला, रूडी टॉमजॅनोविच दुसरा. अटलांटा हॉक्सने त्याच्याशी सुमारे १९ लाख डॉलरचा करार केला. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती, आणि पहिल्यांदा पांढरे झाले ते त्याच संघातल्या जुन्या, सिद्ध झालेल्या खेळाडूंचे. त्यांचाही दोष नाही. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसापुढे कॉलेजातून आलेला पोरगा कितीतरी पट पगार घेऊन उभा राहिला तर सल राहणारच. त्यात संघ कृष्णवर्णीय खेळाडूंनी उभा केलेला, शहर दक्षिणेतलं, काळ १९७० चा, आणि पोस्टरवर चेहरा या गोऱ्या मुलाचा. या संदर्भाशिवाय ती वर्षं कळत नाहीत.

तरीही पहिल्या हंगामात सरासरी २३.२. १९७२-७३ मध्ये लू हडसन आणि मॅराविच या दोघांनी दोन-दोन हजारांवर गुण केले. एका संघातल्या दोघांनी एकाच हंगामात असं करण्याची एनबीएच्या इतिहासातली ती दुसरीच वेळ. पण संघाचं गाडं बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यापुढे कधी सरकलं नाही, आणि १९७४ मध्ये हॉक्सने त्याला नव्याने स्थापन झालेल्या न्यू ऑर्लिन्स जॅझला देऊन टाकलं.

६८ गुणांची रात्र कोणती?

२५ फेब्रुवारी १९७७. न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, समोर न्यूयॉर्क निक्स, बचावाला वॉल्ट फ्रेझियर, म्हणजे त्या पिढीतल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक. ४३ फटक्यांपैकी २६ आत, १९ फ्री थ्रोपैकी (फाऊलबद्दल मिळणारे मोकळे फटके) १६. शेवटचं मिनिट उरलं असताना सहावी फाऊल, म्हणजे नियमभंग, होऊन तो नियमाप्रमाणे बाहेर गेला, नाहीतर सत्तरी गाठली असती अशी हळहळ आजही ऐकू येते. जॅझ १२४-१०७ ने जिंकले. तोपर्यंत एनबीएच्या सामन्यात याहून जास्त गुण फक्त विल्ट चेंबरलेन आणि एल्जिन बेलर या दोघांनीच केले होते, आणि दोघेही गार्ड नव्हते.

तो पूर्ण हंगामच त्याचा होता. सामन्यामागे ३१.१ गुण, लीगमध्ये पहिला. ज्यांना वाटतं की तो केवळ कॉलेजचा चमत्कार होता त्यांनी या हंगामाकडे नीट बघावं. तीन गुणांचा एकही फटका यात नाही.

गुडघा कसा गेला?

३१ जानेवारी १९७८, बफेलो ब्रेव्ह्जविरुद्ध. सामना हातात होता. पीटने हवेत उडी घेऊन पायांमधून कोर्टाच्या दुसऱ्या टोकाकडे लांब पास फेकला आणि खाली येताना उजवा गुडघा वळला. पास पोचला. पीट उठला नाही.

त्या हंगामात तो सामन्यामागे २७ गुण आणि कारकिर्दीतले सर्वाधिक, ६.७ असिस्ट (साथीदाराला थेट गुण मिळवून देणारे पास), अशा भरात होता. दुखापतीनंतर तो वेग परत आला नाही. ‘साधा पास दिला असता तर?’ असं विचारणारे भेटतात. मला तो प्रश्न पुढे नेववत नाही. तो पास त्याने लहानपणापासून दिलेला होता. त्याच्यासाठी साधा पास तोच होता.

याच्या पोटात आणखी एक चटका लावणारी गोष्ट आहे. जॅझने १९७६ मध्ये गेल गुडरिचला घेताना मोबदल्यात १९७९ ची पहिल्या फेरीतली निवड लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन ठेवली होती. पीट जायबंदी झाल्यावर जॅझ १९७८-७९ मध्ये लीगच्या तळाला गेले आणि त्या निवडीवर लेकर्सने मॅजिक जॉन्सनला घेतलं. न बघता पास देण्याची जी कला पीटने मोठ्या रंगमंचावर आणली, तिचा पुढचा वारस अशा रीतीने लॉस एंजेलिसला गेला.

विजेतेपद कधीच नाही?

नाही. १९७९ मध्ये जॅझ न्यू ऑर्लिन्स सोडून युटाला गेले. तिथे पीट १७ सामने खेळला, मग बाकावर बसवला गेला आणि जानेवारी १९८० मध्ये मोकळा केला गेला. बोस्टनने त्याला घेतलं. पुढे दिग्गज ठरलेल्या लॅरी बर्डचं ते पहिलं वर्ष. बाकावरून येऊन २६ सामन्यांत ११.५ ची सरासरी. सेल्टिक्स पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत फिलाडेल्फियाकडून हरले. पुढच्या हंगामाच्या तोंडावर पीटने निवृत्ती घेतली, आणि त्याच हंगामात, १९८१ मध्ये, सेल्टिक्स विजेते झाले. अजून एक वर्ष थांबला असता तर, हे प्रत्येक चाहत्याच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेलं असतं.

ते ढगळ मोजे कसले?

राखाडी, घोट्यावर घसरलेले मोजे तो शाळेपासून घालायचा. ते शुभ मानायचा. त्या काळातल्या कितीतरी मुलांनी आपल्या मोज्यांचं इलॅस्टिक ताणून सैल केलं ते याच्यामुळे.

केटलिन क्लार्कने त्याचा विक्रम मोडला का?

क्लार्क ही आयोवा विद्यापीठाच्या महिला संघाची खेळाडू. ३ मार्च २०२४ ला ओहायो स्टेटविरुद्ध फ्री थ्रोवर तिने ३,६६७ चा आकडा ओलांडला आणि पुढे ३,९५१ वर थांबली. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सर्वोच्च श्रेणीत, मात्र विक्रम अजून पीटचाच आहे. २०२३ मध्ये डेट्रॉइट मर्सीचा अँटोइन डेव्हिस ३,६६४ पर्यंत पोचला, पाच हंगाम आणि १४४ सामने खेळून.

या निमित्ताने बरीच भांडणं झाली. ८३ सामने विरुद्ध १३९ सामने, तीन वर्षं विरुद्ध चार, रेषा नसणं विरुद्ध असणं. हिशेब सगळे बरोबर आहेत. पण क्लार्क अर्ध्या कोर्टावरून मारते, न बघता लांब पास देते, आणि तिच्यासाठी परक्या गावातली मैदानं भरतात, हे पाहताना मला तर पीटच आठवतो. तिच्यामुळे लाखो लोकांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याचं नाव ऐकलं. त्याचा चाहता म्हणून मला त्याचा आनंदच झाला.

त्याचा मृत्यू कसा झाला?

निवृत्तीनंतरची पहिली वर्षं फार वाईट गेली. दारू, एकटेपणा, बास्केटबॉलचं नावही नको. १९८२ च्या सुमारास तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि सावरला. वडील प्रेस एप्रिल १९८७ मध्ये कर्करोगाने गेले. पीटने शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉल ऑफ फेमचा सोहळा झाला.

५ जानेवारी १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे, एका चर्चच्या जिममध्ये तो मित्रांबरोबर हलकाफुलका सामना खेळत होता. कसं वाटतंय असं विचारल्यावर ‘एकदम छान’ म्हणाला आणि कोसळला. शवविच्छेदनात कळलं की हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी त्याला जन्मतःच नव्हती. उजवीनेच आयुष्यभर दोघींचं काम केलं होतं. अशा हृदयाने माणूस कॉलेजात ४० मिनिटांचे आणि एनबीएत ४८ मिनिटांचे सामने धावून खेळला, याचं डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं.

१९७४ मध्ये एका मुलाखतीत तो म्हणाला होता की दहा वर्षं एनबीएत खेळून चाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने मरायचं नाही मला. तो बरोबर दहा हंगाम खेळला. ही नोंद मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री पुढचं काही वाचवलं नाही.

त्याच्या स्मरणार्थ काय काय आहे?

एलएसयूचं मैदान १९८८ पासून पीट मॅराविच असेंब्ली सेंटर या नावाने ओळखलं जातं. त्या मैदानावर तो एलएसयूसाठी कधी खेळला नाही, ते १९७२ मध्ये उभं राहिलं. पण ते उभं राहिलं त्याच्यामुळे. एलएसयूने २३ क्रमांक, युटा जॅझने आणि न्यू ऑर्लिन्सने ७, अटलांटाने ४४ क्रमांक त्याच्या नावे निवृत्त केला. १९९६ मध्ये एनबीएने ५० महान खेळाडू निवडले तेव्हा त्या यादीत हयात नसलेला तो एकटाच होता. सन्मान घ्यायला त्याची दोन मुलं, जेसन आणि जॉश, कोर्टावर उभी राहिली.

पाहायला सुरुवात कुठून करू?

आधी ६८ गुणांचा सामना. जेवढं चित्रीकरण मिळेल तेवढं बघा. तिथे तो पूर्ण वयात आलेला, पूर्ण ताकदीचा दिसतो. त्यानंतर जॅझच्या काळातले पास. पहिल्यांदा चेंडूकडे बघाल आणि फसाल. दुसऱ्यांदा फक्त त्याचे डोळे बघा. ते जिकडे वळलेत तिकडे चेंडू जाणार नाही एवढं लक्षात ठेवा.

आणि मग शेवटी १९८७ मध्ये त्याने मुलांसाठी केलेल्या ‘होमवर्क बास्केटबॉल’ या शिकवणीच्या चित्रफिती. केस आखूड झालेले, चेहरा भरलेला, गुडघ्यावर जुन्या दुखापतीचा भार. तो कॅमेऱ्याकडे बघत बोलतोय, वडिलांनी शिकवलेल्या सरावांची नावं एकेक करून सांगतोय. मग तो पाय फाकवून वाकतो, एक हात पुढे, एक मागे, आणि प्रेट्झेल सुरू करतो. बोलणं थांबत नाही, नजर खाली जात नाही, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध चेंडू जागच्या जागी तरंगत राहतो.